खेळातील नकाशा आणि इतिहासातील भूमी

नकाशा कोणताही असो, तो काढणाराला दाखविण्यापेक्षा वगळावेच अधिक लागते. आणि काय वगळावे हे त्या नकाशाच्या प्रयोजनावरून ठरते. हल्ली अनेक घरांतील तरुण मंडळी युद्धनीतीच्या खेळांसाठी संगणकावर नकाशे तयार करतात. फोटोशॉप, गिम्प यांसारख्या चित्रसंपादनाच्या साधनांनी भूमीचे ठसठशीत तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यात एका सत्तेचा रंग भरावयाचा आणि जुन्या वळणाच्या अक्षरांत नावे घालावयाची, असा हा उद्योग आहे. हा पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पूर्वजांच्या राज्याची आकृती पुढील पिढीच्या मनावर बखरींपेक्षा, आणि आम्हां प्राध्यापकांच्या व्याख्यानांपेक्षाही, अशा नकाशांनीच अधिक ठळक उमटणार आहे.

या खेळांचा पूर्वज प्रशियात सापडतो. राइस्विट्झ नावाच्या सरदाराने १८१२ च्या सुमारास युद्धाचा खेळ रचला व त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या पुत्राने १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. हा खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई. चढउतार, ओढे, रस्ते यांचा हिशेब केल्यावाचून त्यात सैन्य हलवता येत नसे. पुढे १९५७ साली आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपटकाराचा जगज्जयाचा खेळ निघाला. 'रिस्क' या नावाने तो जगभर गेला. त्याच्या पटावर सारी पृथ्वी ४२ प्रदेशांत आटोपली आहे. एका प्रदेशातून लगतच्या प्रदेशात जावयाचे एवढाच तेथे मार्ग. वाटेत घाट आहे की वाळवंट, हे पुसावयाचे कारण नाही. खेळ सुटसुटीत झाला, परंतु भूमी मागे पडून मालकी तेवढी पुढे आली.

आमच्याकडील जुन्या नकाशांची तऱ्हा निराळी होती. मराठेशाहीतील जे नकाशे उपलब्ध आहेत, त्यांत मोडी अक्षरांत नावे लिहिलेली दिसतात आणि गड समोरून पाहिल्यासारखे उभे काढलेले असतात. प्रमाणाच्या दृष्टीने ते सदोष खरे. पण गड कोठे आणि नदी कोठे, हे वापरणाराच्या नजरेत तत्काळ भरावे, एवढी सोय त्यांत निश्चित होती. तेही शैलीबद्धच होते. मात्र ती शैली वाट चालणाराच्या गरजेतून आलेली होती.

उदाहरणादाखल बदलापूरचे कात्रप घ्यावे. आज तेथे दाट वस्ती आहे. जवळच उल्हास नदी, दक्षिणेच्या बाजूस चंदेरीचे शिखर, पूर्वेस टेकड्यांमागे सह्याद्रीची रांग, उत्तरेस कल्याण. खेळाच्या नकाशात हा सारा टापू 'कल्याण' या एका तुकड्यात जाईल आणि 'पुणे' हा तुकडा त्याला चिकटून येईल. मधले अंतर एका चालीचे! आता १६६१ सालचा फेब्रुवारी महिना आठवावा. शाहिस्तेखानाने पुण्याहून कार्तलबखानाला कोकणात धाडले. घाट उतरून तो आजच्या खोपोलीनजीकच्या उंबरखिंडीत शिरला. दाट अरण्यात, अरुंद वाटेवर शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडले. पाण्यावाचून सैन्य कासावीस झाले, आणि खंडणी देऊन खानाला माघार घ्यावी लागली. हा विजय खिंडीने घडविला. आणि खेळाच्या नकाशातून आधी पुसली जाते ती खिंडच. त्याच वर्षी मे महिन्यात मोगलांनी कल्याण घेतले. म्हणजे '१६६१' एवढाच शेरा मारून या तुकड्यात रंग भरणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको.

दुसरा दोष रंगाचा. एका प्रदेशाला एकच धनी, ही आधुनिक राष्ट्रांची कल्पना आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे शेकडा पंचवीस आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. सुभे मोगलांचे, वसुलीचा हक्क छत्रपतींचा, आणि लवकरच तेथे निजाम जवळजवळ स्वतंत्र झालेला. या सुभ्यांना भगवा रंग द्यावा की हिरवा? कोणताही एकच दिला तरी तो खोटाच. अठराव्या शतकातील बहुतेक मोहिमा या दुहेरी हक्कांतूनच उद्भवल्या. नकाशाने ते लपविले, की खेळणाराला त्या मोहिमा निव्वळ लूटमार वाटू लागतात.

समाधानाची गोष्ट ही, की जे साधन हा दोष वाढविते तेच तो दूरही करू शकते. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून चित्र निरनिराळ्या थरांत रचता येते. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अवकाशयानाने केलेल्या रडार-मोजणीतून भूमीच्या उंचीचे आकडे मिळाले आणि ते आज सर्वांस खुले आहेत. त्यांवरून डोंगरांचा पहिला थर करावा, दुसऱ्यात नद्या, तिसऱ्यात घाट, आणि प्रत्येक घाटाला चालींची वेगळी किंमत. मालकीचा थर सर्वांत शेवटी घालावा. जेथे हक्क दोघांचे तेथे रंगही दोन, पट्ट्यापट्ट्यांनी भरावे, आणि कोपऱ्यात वर्षच काय, महिनाही नोंदवावा.

असा नकाशा करण्यास श्रम अधिक पडतील आणि खेळ थोडा संथ होईल. परंतु कात्रपच्या एखाद्या मुलाने तो खेळताना, पुण्याहून निघालेली फौज घाटात का अडली, असा प्रश्न विचारला, तर त्या श्रमांचे चीज झाले असे आम्ही समजू.