नोकरी सांभाळून केलेला सिनेमा

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात आपल्या सोसायटीतील मुलांनी मोबाईलवर केलेली बारा मिनिटांची फिल्म दाखवणार आहेत. शूटिंग गच्चीवर आणि पार्किंगमध्ये, कलाकार सगळे आपल्याच विंगमधले, आणि वेळ म्हणजे कॉलेज-ऑफिस सांभाळून उरलेले शनिवार-रविवार. त्यानिमित्त ‘काका, सिनेमाच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असा स्मरणिका समितीचा आग्रह झाला. आधी दादासाहेब फाळक्यांवर लिहावे असे वाटले. पण फाळक्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. शिवाय चालता छपाईचा धंदा सोडून त्यांनी सगळा संसार सिनेमापायी पणाला लावला, तो आपल्या ऐपतीबाहेरचा मामला! नोकरी सांभाळून, मित्रमंडळी जमवून सिनेमा करणाऱ्यांचे पूर्वज वेगळे. त्यांचे नाव रामचंद्र गोपाळ तोरणे. यांनाही लोक दादासाहेबच म्हणत, त्यामुळे घोटाळा होतो.

त्यांच्याही आधी एक नाव घेतले पाहिजे, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. सावेदादा व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांना या खेळाचे असे वेड लागले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. पण हे सारे समोर घडले ते टिपलेले. गोष्ट सांगणारा सिनेमा अजून व्हायचा होता.

तोरणे यांचा जन्म १८९० चा, मालवणजवळच्या सुकळवाडचा. लहानपणी वडील गेले आणि कोकणातली असंख्य मुले येतात तसे तेही पोटासाठी मुंबईला आले. विजेच्या सामानाच्या कंपनीत नोकरी लागली. नाटकाचा नाद होताच. श्रीपाद संगीत मंडळी या नाटक कंपनीशी त्यांचा संबंध आला आणि त्यांचे ‘श्री पुंडलिक’ नाटक फिल्मवर घ्यायचे ठरले. नानासाहेब चित्रे आणि रामराव कीर्तिकर यांची साथ मिळाली. ‘बोर्न अँड शेफर्ड’ या प्रसिद्ध छायाचित्रण कंपनीकडून जॉन्सन नावाचा कॅमेरामन आला. मंगळदास वाडीत चित्रण झाले. तोरणे तेव्हा बाविशीत होते, म्हणजे आपल्या फिल्मवाल्या मुलांच्याच वयाचे.

फिल्म साधारण पंधराशे फुटांची होती. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एक फूट फिल्म जेमतेम सेकंदभर पुरायची, म्हणजे सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. ही फिल्म मुकी होती, हे विसरू नये. कंपनीच्या नावातच ‘संगीत’, आणि पडद्यावर एक पदही ऐकू येणार नाही! मग उरले काय? तर वीट आणि विठोबा. आईबापांची सेवा करणारा पुंडलिक देवालाही थांबायला सांगतो, ही गोष्ट मराठी माणसाला शब्दावाचून कळते. विषय निवडताना या मंडळींनी हा विचार केला होता की हाताशी होते ते नाटक घेतले, कोण जाणे. पण नेम बरोबर लागला. १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘श्री पुंडलिक’ लागला आणि दोन आठवडे चालला. मुंबईतल्या निम्म्या हिंदूंनी तो पाहिला, आता उरलेल्या निम्म्यांनी पाहावा, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. जाहिरातच ती, आकडा ऑडिटला टिकणार नाही.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला लागला. वर्षाला पंधरा दिवस कमी. तारखेने पाहिले तर पहिली नोंद तोरण्यांची. तरीही पहिल्या भारतीय कथापटाचा मान ‘हरिश्चंद्रा’ला मिळाला. आक्षेप तीन घेतले जातात. कॅमेरामन परदेशी होता. फिल्म धुवायला लंडनला पाठवली. आणि हे मूळचे नाटकच, सिनेमा नव्हेच.

पहिल्या दोन आक्षेपांत मला दम वाटत नाही. आपली इमारत बांधणारे गवंडी बाहेरगावचे होते, म्हणून सोसायटी काही त्यांची झाली नाही. आणि सावेदादांची फिल्मही धुवायला विलायतेलाच गेली होती. त्यावरून ती कुस्ती कोणी इंग्रजी ठरवली नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. फाळके लंडनला जाऊन विद्या शिकून आले, कॅमेरा आणला, आणि मग स्वतःच्या घरात, पत्नी सरस्वतीबाईंच्या मदतीने फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळे केले. पडद्यासाठी वेगळी गोष्ट रचली. त्यांचे जनकपद कोणी काढून घ्यावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण खतावणीत आधीची नोंद खोडून पुढची लिहिता येत नाही, एवढे तरी आम्हा बँकवाल्यांना कळते. तोरणे आणि त्यांच्या सोबत्यांची नावे शाळेच्या पुस्तकात एका ओळीने तरी यायला हवी होती. आमच्या वेळी नव्हती. नातवंडांना विचारून पाहिले, त्यांनाही ठाऊक नव्हती.

‘पुंडलिका’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे ते नुसते नाटक होते की आणखी काही, याचा निकाल आता डोळ्यांनी पाहून लावता येत नाही. सगळा वाद कागदावर.

पुढे काय झाले? कंपनीने तोरण्यांची कराचीला बदली केली! बदली म्हणजे काय, हे ज्यांनी पोराबाळांसह बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडले आहे त्यांनाच कळेल. पण हा गडी तिथेही स्वस्थ बसला नाही. कराचीत त्यांना बाबुराव पै भेटले आणि दोघांनी मिळून परदेशी चित्रपटांच्या वितरणाचे काम सुरू केले. कालांतराने तोरणे यंत्रसामग्रीच्या व्यवसायात उतरले; १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्याच कंपनीमार्फत आले. म्हणजे मुक्या ‘पुंडलिका’पासून बोलत्या सिनेमापर्यंत हा माणूस प्रत्येक वळणावर कुठेतरी उभा आहे. त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन ही संस्था काढली. १९३२ मध्ये तिचा ‘श्यामसुंदर’ आला. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, आणि भूमिका कोवळ्या वयाच्या शाहू मोडक व शांता आपटे यांच्या. मुंबईच्या एकाच थिएटरात तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा तो पहिला भारतीय चित्रपट मानला जातो.