वऱ्हाडातील मिशन: घर आणि बाप्तिस्मा

राळेगावचा परिसर १९०५पर्यंत वऱ्हाडच्या वणी जिल्ह्यात मोडे. त्या साली जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. येथे रुजलेल्या फ्री मेथडिस्ट मिशनचा पाया अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड या अमेरिकन दाम्पत्याने घातला. १८८१मध्ये मुंबईला उतरून त्यांनी बऱ्हाणपुरात बिऱ्हाड थाटले. त्यांची मुलगी एथेलही पुढे मिशनरी झाली. १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनांकडे अनाथ मुले आली. भुकेपोटी आलेल्यांचा बाप्तिस्मा कितपत मनापासूनचा, ही शंका रास्तच होती. मेथडिस्ट रीतीत पाणी शिंपडावे, ओतावे की पाण्यात बुडवावे, हे घेणारा ठरवतो. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्माही चालतो. यवतमाळला १९५३मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. १९८३मध्ये ती पुण्याला हलली.