वेदना आणि चेतना

'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून सिद्ध झाला. जाणणे हा त्याचा मूलार्थ. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास संपूर्ण भूल देतात, तेव्हाही वेदनेबरोबर जाणीवच हिरावली जाते. या दोहोंची फारकत होऊ शकते, हे मस्तिष्कस्तंभाच्या संशोधनाने दाखविले.

१९४९ मध्ये मोरुझ्झी व मॅगून यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील जालरूप रचना विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केली, तेव्हा मेंदूचा विद्युत्-आलेख निद्रेचा होता तो जागृतीचा झाला. पुढे १९६९ मध्ये रेनल्ड्स यांनी आठ उंदरांच्या मध्यमस्तिष्कातील करड्या द्रव्यात विद्युत्-अग्रे बसविली. पैकी तिघांचे उदर, प्रवाह चालू असता, कोणतेही भूलद्रव्य न देता उघडले. हालचालीची शक्ती शाबूत असूनही वेदनेची प्रतिक्रिया उमटली नाही. प्रवाह थांबविल्यावर ती परतली.

तथापि प्रतिक्रिया म्हणजे वेदना नव्हे, आणि उंदीर बोलत नाही. म्हणूनच होसोबुची प्रभृतींचा १९७७ मधील प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. असाध्य वेदनेने पीडित अशा सहा रुग्णांच्या याच व लगतच्या भागांत विद्युत्-अग्रे बसवून प्रवाह दिल्यावर त्यांच्या वेदनेस उतार पडला. अफूजन्य द्रव्यांचा प्रभाव नष्ट करणारे नॅलोक्सोन दिल्यावर पाच जणांत तो उतार नाहीसा झाला. दुखणे थांबल्याची आणि परतल्याची साक्ष येथे जागेपणी, शब्दांत मिळाली.