‘किन-झा-झा!’ आणि त्याचे प्रेक्षक

एखाद्या कलाकृतीविषयी तिच्या काळातील लोकांचे मत काय होते, याचा शोध घ्यायला निघालो की हाती लागते ते बहुधा समीक्षकांचे मत. समीक्षक लिहून ठेवतो. वाचक वा प्रेक्षक बोलतो आणि घरी जातो. वाङ्मयेतिहासकारांची ही जुनीच अडचण. ‘वाचकांनी कृतीचे उत्स्फूर्त स्वागत केले’ असे वाक्य आपल्या इतिहासग्रंथांत सहज भेटते, पण त्याला पुरावा काय, असे विचारले की पंचाईत होते. हा प्रश्न आम्हांला नव्याने पडला तो गिओर्गी दानेलिया या दिग्दर्शकाच्या ‘किन-झा-झा!’ या सोव्हिएत चित्रपटामुळे. विज्ञानकथा आणि विनोद यांचे मिश्रण असलेला हा दोन भागांतील चित्रपट मोसफिल्म या संस्थेने निर्मिला आणि डिसेंबर १९८६ मध्ये तो प्रदर्शित झाला.

कथानक थोडक्यात असे. मॉस्कोतील माशकोव्ह हा बांधकामावरचा मुकादम किरकोळ वाणसामान आणायला घराबाहेर पडतो. रस्त्यात हाती व्हायोलिन घेतलेला गेदेवान हा जॉर्जियन तरुण भेटतो. अनवाणी उभा असलेला एक माणूस आपण परग्रहावरून आल्याचे सांगत असतो. त्याच्या हातातल्या यंत्राचे बटण माशकोव्ह दाबतो आणि दोघे प्ल्यूक नावाच्या ग्रहावरील वाळवंटात येऊन पडतात. तेथे पाण्यापासून इंधन करून टाकलेले आहे, काड्यापेटीतील काडी सर्वांत मौल्यवान आहे, आणि समाज ‘चात्लान’ व ‘पात्साक’ अशा दोन गटांत विभागलेला आहे. कोण कोणत्या गटातला, हे एका लहानशा उपकरणाचा दिवा नारिंगी लागतो की हिरवा, यावरून ठरते. दोहोंत फरक नेमका काय, हे चित्रपटात कोणीही सांगत नाही. मात्र पात्साकाने नाकात घंटी अडकवून वरिष्ठांपुढे गालांवर चापट्या मारून, हात पसरून उकिडवे बसायचे. वरिष्ठपणा ठरतो तो विजारीच्या रंगावरून.

आकडे पाहिले तर या चित्रपटाला अपयशी म्हणता येणार नाही, पण फार यशस्वीही म्हणता येणार नाही. त्याला सुमारे १ कोटी ५७ लाख प्रेक्षक लाभले. आपल्याला ही संख्या मोठी वाटते, पण त्याच दानेलियांच्या ‘अफोन्या’ला १९७५ साली ६ कोटी २२ लाख प्रेक्षक मिळाले होते. लिओनिद गायदाय यांच्या ‘इव्हान वासिल्येविचने पेशा बदलला’ या १९७३ च्या चित्रपटाला ६ कोटींहून अधिक मिळाले. आणि तोही कालयंत्रावर बेतलेला विनोदपटच होता. म्हणजे विज्ञानकथा आणि हसू यांच्या संयोगाशी सोव्हिएत प्रेक्षकाचे वैर होते असे नाही. मग बिनसले कोठे?

हान्स रोबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना येथे उपयोगी पडते. (आमच्या वर्गांतून ती बहुधा व्याख्येपुरतीच शिकवली जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.) गायदाय यांचा प्रेक्षक धावपळ, वेषांतर, गाणी यांची अपेक्षा घेऊन बसे. ‘सोलारिस’ (१९७२) आणि ‘स्टॉकर’ (१९७९) पाहिलेला प्रेक्षक विज्ञानपटाकडून गंभीर चिंतन अपेक्षी. ‘किन-झा-झा!’ या दोन्ही क्षितिजांच्या बाहेरचा होता. त्यातील अंतराळयान गंजलेल्या डब्यासारखे दिसते. तुर्कमेनिस्तानातील काराकुम वाळवंटात चित्रित केलेली दृश्ये संथ आणि ओकीबोकी आहेत. येव्गेनी लिओनोव्हसारखा लाडका विनोदी नट येथे लबाड, लोचट आणि केविलवाणा आहे. हसावे की नाही, हेच कळू नये अशी ही रचना.

असे असूनही हा चित्रपट लोकांनी टाकून दिला नाही, आणि याचा पुरावा सापडतो तो भाषेत. प्ल्यूकवासी मनातले विचार वाचतात, म्हणून त्यांना शब्द फारसे लागत नाहीत. जवळजवळ प्रत्येक गोष्टीला एकच शब्द: ‘कू’. ‘क्यू’ ही चारचौघांत चालणारी शिवी. चित्रपटाच्या दोन भागांच्या सांध्यावर या भाषेचा छोटेखानी कोश पडद्यावर येतो. हे शब्द, आणि ते उकिडवे बसणेही, प्रेक्षकांनी उचलले. मित्रांनी एकमेकांना ‘कू’ करून अभिवादन करणे म्हणजे एका न सांगता जमलेल्या मंडळाचे सभासदत्व दाखवणे होते. स्तुतीपर अभिप्रायापेक्षा हा उसनवार शब्द आम्हांला अधिक विश्वसनीय साधन वाटतो. अभिप्राय भिडेखातर देता येतो. शब्द भिडेखातर वापरात राहत नाही.

या ‘कू’मागे एक राजकीय विनोदही आहे, आणि तो दानेलियांनीच सांगितलेला आहे. चित्रपट तयार होत असताना १९८४ मध्ये कॉन्स्तान्तिन उस्तिनोविच चेर्नेन्को पक्षाचे सरचिटणीस झाले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे ‘के. ऊ.’, म्हणजे रशियनमध्ये नेमके ‘कू’! सगळे संवाद बदलावे लागणार अशी धास्ती निर्माण झाली. मार्च १९८५ मध्ये चेर्नेन्को निवर्तले आणि ‘कू’ वाचला.

प्रेक्षकांचे वाचन पुढे बदलत गेले, आणि आमच्या मते हा या इतिहासाचा सर्वांत लक्षणीय भाग आहे. शब्दांचे उलटसुलट वाचन तर झालेच. ‘एत्सिलोप’ म्हणजे इंग्रजी ‘पोलीस’ची अक्षरे उलट्या क्रमाने, आणि ‘पात्साक’ उलटा वाचला की युक्रेनमध्ये रशियनांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘कात्साप’ हाती येतो. ज्या देशात अंतर्गत पासपोर्टात राष्ट्रीयत्वाचा रकाना होता, तेथील प्रेक्षकाला नारिंगी-हिरव्या दिव्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नसणार. पण १९९१ नंतर हाच चित्रपट निराळा दिसू लागला. जानेवारी १९९२ मध्ये किमती मुक्त झाल्या, आयुष्यभराची बचत मातीमोल झाली, आणि नवश्रीमंतांनी किरमिजी कोट मिरवायला सुरुवात केली. चित्रपटातील सर्वोच्च प्रतिष्ठेची विजारही किरमिजीच होती! १९८६ मध्ये ज्याला सोव्हिएत नोकरशाहीवरील उपहास समजले गेले, ते आता येणाऱ्या बाजाराचे भाकीत ठरले. अर्थात दानेलियांनी भविष्य वर्तवले, असे आम्ही म्हणणार नाही. प्रेक्षकांनी आपला नवा अनुभव जुन्या रूपकात बसवून पाहिला आणि तो बसला, एवढेच.

दानेलियांनी सहदिग्दर्शनात केलेली २०१३ ची चलच्चित्र-आवृत्ती पुरस्कारप्राप्त असूनही मूळ चित्रपटाची जागा घेऊ शकली नाही. मोसफिल्मने २०११ पासून आपले चित्रपट यू-ट्यूबवर खुले केले, तेव्हा रशियाबाहेरचा प्रेक्षकही आला. तो बहुधा वाळवंट पाहून ‘मॅड मॅक्स’ची आठवण काढतो. या तुलनेतून ‘किन-झा-झा!’पेक्षा त्या प्रेक्षकाचे क्षितिजच अधिक कळते.

चित्रपटातील त्या गंजक्या यानाचे नाव ‘पेपेलात्स’. ते ‘पेपेला’ या फुलपाखराच्या जॉर्जियन नावावरून घडवलेले आहे. रशियन बोलीत आज कोणत्याही खिळखिळ्या मोटारीला पेपेलात्स म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकी सर्वांनीच काही हा चित्रपट पाहिलेला नसतो.