परळची मुळी आणि भुलीची कुपी

आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे कोणी विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सहज म्हणतात. ठाणे म्हणजे १९०१ पासूनचे तिथले मनोरुग्णालय. खोल नैराश्यात असलेला माणूस मात्र या थट्टेत बसत नाही. तो सकाळची फास्ट लोकल पकडतो, डबा खातो, घरी येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. कोणी डॉक्टरकडे नेलेच, तर गोळी सुरू होते आणि सांगितले जाते की फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतील. जीव नकोसा झालेल्याला एवढे आठवडे कसे काढायचे?

मी डॉक्टर नाही. जुनी मासिके आणि शोधनिबंध चाळत या एका प्रश्नामागे काही वर्षे घालवली. गोळीला एवढा वेळ का लागतो, आणि भूल देण्याचे एक औषध तेच काम दोन तासांत कसे करते? या कथेची सुरुवात आपल्याच मध्य रेल्वेवर, परळला सापडते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वीपासून देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील उपयोग लिहून ठेवला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापरली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड रुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या यादीत वकील आणि क्लाइन ही दोन्ही नावे आहेत. एकाचे काम रक्तदाबावर, दुसऱ्याचे मनावर, औषध एकाच मुळीचे.

पुढचे वळण अनपेक्षित होते. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की रेसरपिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. उलट बाजूने क्षयावरच्या इप्रोनियाझिडचे उदाहरण होते. ते घेणारे रुग्ण उत्साही होत, आणि ते औषध सेरोटोनिनसारखी रसायने मोडू देत नसे. दोन्ही टोके जोडली गेली. रसायने घटली की नैराश्य, वाढली की उभारी. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी यातल्या नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या बाजूने सविस्तर मांडणी केली. पुढच्या पिढीतल्या बहुतेक गोळ्या याच विचारातून आल्या.

या मांडणीला पहिल्यापासून एक भोक होते, ते वेळेचे. गोळी घेतल्यावर चेतापेशींमधल्या फटीतले सेरोटोनिन काही तासांत वाढते; मन मात्र आठवड्यांनी उजळते. कमतरता हेच कारण असेल, तर ती भरून निघाल्यावर माणूस लगेच बरा का होत नाही? शिवाय रेसरपिनच्या त्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतले बरेच रुग्ण खऱ्या अर्थाने नैराश्यात नसून गुंगीत असावेत, असेही मत मांडले गेले. एवढ्या मोठ्या इमारतीचा पाया इतका कच्चा होता!

आता भुलीची कुपी. केटामीन १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणाऱ्या केल्विन स्टीव्हन्स यांनी बनवले आणि १९७० मध्ये त्याला अमेरिकेत भुलीसाठी मान्यता मिळाली. श्वास फारसा न दाबता भूल देणारे हे स्वस्त औषध आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होमच्या कपाटातही असते. नशेसाठी गैरवापर होऊ लागल्याने ते २०१३ मध्ये ‘शेड्यूल एक्स’मध्ये गेले. २००० मध्ये येल विद्यापीठातील गटाने भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत ते मोजक्या नैराश्यग्रस्तांना दिले आणि काही तासांत फरक दिसला. २००६ मध्ये कार्लोस झराटे यांनी, इतर औषधांनी न सुधारलेल्या १८ रुग्णांवर, शिरेतून ४० मिनिटांत प्रयोग केला. ११० मिनिटांत सुधारणा दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सुमारे ७१ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता, आठवडाभर तो ३५ टक्क्यांतच टिकला.

मेंदूत होते काय? ग्लुटामेट हे पेशींना जागे करणारे मुख्य रसायन. त्याच्या एनएमडीए नावाच्या दारांना केटामीन बूच लावते. मग उत्तेजना घटायला हवी, पण मेंदूच्या पुढच्या भागात उलटेच घडते. सर्वांत स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण असे की बूच आधी बसते ते लगाम धरणाऱ्या पेशींवर. लगाम सुटतो आणि ग्लुटामेटचा लोंढा येतो. तो एएमपीए नावाची दुसरी दारे उघडतो, पेशी बीडीएनएफ हे पोषक प्रथिन सोडतात, आणि आतली एमटॉर ही यंत्रणा चेतासंधींसाठी नवी प्रथिने बनवू लागते. ताणाने झडलेले बारीक काटे पेशींच्या फांद्यांवर पुन्हा फुटतात. येलच्या रोनाल्ड डुमन यांच्या गटाने हे २०१० मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवले. २०१९ च्या एका प्रयोगाने त्यात बारकावा घातला. उंदरांच्या वागण्यातला फरक आधी दिसतो, काटे काही तासांनी फुटतात. मात्र ते पुसून टाकले तर आलेला गुण टिकत नाही. म्हणजे नवे काटे गुण आणत नाहीत, टिकवतात. उलगड्याचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

याच डुमन यांच्याकडे विदिता वैद्य यांनी पीएच.डी. केली. त्यांची प्रयोगशाळा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचा बीडीएनएफशी असलेला संबंध त्यांनी डुमन यांच्यासह १९९७ मध्येच मांडला होता. सेरोटोनिनमुळे चेतापेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जाघरे, वाढतात हे त्यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले. परळच्या मुळीने पुढे आणलेल्या रसायनाची उजळणी कुलाब्यात झाली, आणि ते केवळ ‘आनंदाचे रसायन’ उरले नाही. २०२१ मध्ये हेलसिंकीतील संशोधकांनी जुन्या गोळ्या आणि केटामीन दोन्ही बीडीएनएफच्या एकाच रिसेप्टरला थेट चिकटतात, असे मांडले. जुन्या गोळ्या मेंदूत हळूहळू साठतात, म्हणून त्यांना वेळ लागत असावा.

तरी मला धास्ती वाटते ती जुनीच घाई पुन्हा होण्याची. औषध कुठे काम करते यावरून रोग कशामुळे झाला हे ठरवायचे, ही रेसरपिनच्या वेळची चूक. डोकेदुखी अ‍ॅस्पिरिनच्या कमतरतेने होत नाही. ग्लुटामेटबाबतही हेच लागू आहे. २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात अफूवर्गीय औषधांना अडवणारी गोळी आधी दिल्यावर केटामीनचा नैराश्यावरचा परिणाम बराच कमी झाला. म्हणजे ग्लुटामेटची कथा एकटी पुरी पडत नाही.

केटामीनचाच एक भाग असलेल्या एस्केटामीनच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तो घेतल्यावर रुग्णाला दोन तास नजरेखाली ठेवतात, कारण भान सुटते, रक्तदाब चढतो. दर वेळी दोन तास बसायला जागा, माणूस आणि पैसा लागतो. आपल्याकडच्या बहुतेकांच्या वाट्याला अजून साधी गोळीच येते, आणि तिच्या पहिल्या आठवड्यांत घरचे माणूस शेजारी असणे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.