कोकण किनारा, कॅराव्हॅन आणि चिमुकले प्रवासी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेले हे चाकांवरचे घर लहान मुलांच्या पालकांना विशेष भुरळ घालते. बाळाचे दूध कोमट करण्यासाठी हॉटेल शोधावे लागत नाही, दुपारची झोप चुकत नाही. मात्र कोकणचा किनारा हा सरळ रस्ता नव्हे, आणि ही गाडीही मोटारीसारखी कुठेही वळत नाही.

अलिबागहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने निघालेल्या प्रवाशाला चार खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या ठिकाणी वाहने नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. मुलांना प्रवासातील हाच भाग सर्वाधिक आवडतो. गाडीची लांबी व उंची आधी कळवून जागेची खात्री करून घ्यावी. पूर्ण ओहोटीला बोटीच्या फळीचा उतार तीव्र होतो आणि लांब गाडीचा मागचा भाग घासण्याची शक्यता असते. दाभोळला बोट हुकली तर चिपळूणकडून मोठा वळसा पडतो, आणि पेंगुळलेली मुले घेऊन रात्री घाट चढण्यात काहीही मौज नाही.

भरतीचा अंदाज घेण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत आजही उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, त्या दिवसांत मुलांना पाण्यात न नेलेलेच बरे. पाणी ओसरत असतानाही त्यांना गुडघाभर पाण्यापुढे सोडू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीला आलेले पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले होते. ती तर मोठी मुले होती. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावरील खडकांवर लाटेचा भरवसा नसतो. तेथे मुलांचा हात सोडू नये.

गाडी पुळणीवर उतरवण्याचा मोह अनेकांना होतो. रुतलेली जड गाडी भरतीपूर्वी निघेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. मुक्कामासाठी पर्यटन महामंडळाच्या निवासाचे किंवा परिचित घरगुती खानावळीचे आवार विचारावे. पाणी भरणे आणि मैलापाण्याची टाकी रिकामी करणे यांची व्यवस्थाही तेथेच ठरवून घ्यावी. ते पाणी खाडीत सोडणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

गाडी चालू असताना मूल बिछान्यावर झोपवू नये. पट्टा असलेल्या आसनावरच बसवावे. गॅस पेटवताना खिडकी उघडी हवी. उभ्या गाडीत मुलाला एकटे ठेवून दोन मिनिटांसाठीही जाऊ नये, कोकणच्या उन्हात आतील हवा झपाट्याने तापते.

आता विंचवाविषयी, कारण शहरी पालक नेमके तेच विसरतात. कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांना प्राणघातक ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेर वाळत घातलेले कपडे आणि पायरीवर ठेवलेल्या चपला झटकूनच घालाव्यात. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे अशी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, मंत्र-उतारा न करता, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. प्रत्येक मुक्कामी ते कुठे आहे, हे अंधार पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

हंगाम डिसेंबर ते मार्च. फेब्रुवारीनंतर गेल्यास वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला मिळू शकतात. पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील हे सांगता येत नाही, म्हणून तेथे दोन रात्री राखून ठेवाव्यात.