लष्करच्या बाजारातील खाणे-पिणे

ग्वाल्हेरमधील बाहेरच्या खाण्याचा इतिहास छावणीपासून सुरू होतो. दौलतराव शिंदे यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि तो तळ पुन्हा उठला नाही. उज्जैन मागे पडली, तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि त्या वस्तीचे नाव लष्कर असेच कायम झाले. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, पूर्वेकडील मुरार आणि लष्कर मिळून आजचे शहर बनले. ‘शिंदे की छावणी’, ‘कंपू’, ‘फालका बाजार’, ‘दौलतगंज’, ‘जिन्सी’ ही मोहल्ल्यांची नावे फौजेची आणि सरदारांची आठवण अजून धरून आहेत.

मराठ्यांची फौज चालू लागली की तिच्याबरोबर बाजारही चाले. वाणी, सराफ, हलवाई, भडभुंजे यांची दुकाने तळावर ओळीने लागत आणि बंजारे बैलांच्या पाठीवरून धान्य पोहोचवीत. दौलतरावांच्या तळावर राहिलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्रॉटन याने 1809 मधील पत्रांत या फिरत्या शहराचे वर्णन केले आहे. ती पत्रे 1813 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ज्याचे कुटुंब बरोबर आहे त्या शिपायाची चूल राहुटीपुढे पेटे. एकट्याचा आधार बाजार. तळ स्थिरावल्यावर हाच बाजार सराफा, नया बाजार आणि दाल बाजार यांच्या गल्ल्यांत मुरला.

दरबाराची व्यवस्था मात्र दक्षिणी वळणाची होती. मराठी राज्यांत खाण्यापिण्याची खाती वेगळी असत. मुदपाकखान्यात स्वयंपाक होई आणि आबदारखान्याकडे पिण्याचे पाणी व पेये असत. राजघराणे, सरदार आणि त्यांचे कारभारी यांच्याबरोबर देशावरचे आचारी, पुजारी व भिक्षुकही उत्तरेत आले. त्यामुळे लष्करमध्ये एकाच गल्लीत दोन स्वयंपाकपद्धती नांदू लागल्या. वाड्याच्या आत वरण-भात, पुरणपोळी आणि श्रीखंड. वाड्याच्या दाराबाहेर हलवायाची कढई.

या दोहोंतील सीमा इतकी दीर्घकाळ टिकली, त्याचे कारण चवीपेक्षा शिवाशिवीच्या नियमांत शोधावे लागते. उत्तर हिंदुस्थानात अन्नाचे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोन भाग मानले जात. पाण्यात शिजवलेले डाळ, भात आणि तव्यावरची रोटी हे कच्चे. ते आपल्या किंवा आपल्याहून वरच्या मानलेल्या जातीच्या हातचेच चाले. तुपात तळलेले ते पक्के. ते हलवायाकडून घेऊन बहुतेक जातींना खाता येई. म्हणून उत्तरेकडील जुना बाजार पुरी, कचोरी, जिलबी आणि लाडवांचा आहे, भाताचा नाही. मराठी ब्राह्मण घरांतील सोवळ्याचा विचारही याच दिशेचा होता. शिजवलेले जेवण सोवळ्यातले, म्हणून घरातले. पोहे, लाह्या, चिवडा हा फराळ, म्हणून त्याला बंधन कमी. माळव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत मराठी पदार्थांपैकी नेमके पोहेच हातगाडीवर पोहोचले आणि वरण-भात घरातच राहिला, त्यामागे हा भेद असावा असे मानायला जागा आहे. या नियमांनी कितीतरी माणसांना पंगतीबाहेर ठेवले, हेही याच इतिहासात नोंदवावे लागते. बाजारातील खाण्याचे सारे वळण त्या अन्यायाच्या चौकटीत ठरले.

लष्करच्या सकाळची ओळख म्हणजे बेडई. उडदाच्या वाटलेल्या डाळीत हिंग, बडीशेप आणि मसाला घालून ते सारण कणकेत भरायचे आणि पुरी कडक तळायची, अशी तिची रीत. सोबत पानाच्या द्रोणात पातळ रश्श्याची बटाट्याची भाजी आणि वर गरम जिलबी. हा आग्रा-मथुरेकडील ब्रजप्रदेशाचा नाश्ता, आणि ग्वाल्हेर त्या प्रदेशाच्या उंबरठ्यावरच आहे. चंबळच्या खोऱ्यात मोहरी अमाप पिकते, म्हणून घरच्या फोडणीला मोहरीचे तेल; मुरैना-भिंड भागात दूध-तूप मुबलक, म्हणून मिठाई तुपातली. कोकण आणि देश सोडून आलेल्या कुटुंबांना खोबरे व कोकम दुर्मीळ झाले आणि त्यांच्या पानात उडीद, मोहरी व मावा वाढत गेला. आजही लष्करमधील जुन्या मराठी घरांत सणाला पुरण शिजते, पण रविवारी सकाळी बेडई बाहेरूनच येते.

नया बाजारातील ‘बहादुरा’ हे लाडवांचे दुकान या हलवाई-परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध नाव. साध्या बसक्या दुकानातील तुपाच्या लाडवांची ख्याती दिल्लीपर्यंत गेली, ती मुख्यतः अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. त्यांचा जन्म 25 डिसेंबर 1924 रोजी ग्वाल्हेरचा, शिक्षण येथील व्हिक्टोरिया कॉलेजातले, आणि बहादुराच्या लाडवांची त्यांची आवड सर्वश्रुत होती.

राजवाड्यातील जेवणाने एकोणिसाव्या शतकात वेगळे वळण घेतले. जयाजीराव शिंदे यांनी 1874 मध्ये जयविलास राजवाडा बांधला. त्याचा आराखडा मायकेल फिलोज याचा. मुदपाकखाना आणि पंगत यांच्या जोडीला तेथे युरोपीय पाहुण्यांसाठी लांब टेबलाचे भोजनगृह आले. माधवराव शिंदे (1876–1925) यांना रेल्वेचे विलक्षण वेड होते. राजवाड्याच्या आवारात हौसेने घातलेल्या छोट्या रुळांतून पुढे दोन फुटी रुंदीची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली, आणि 1899 मध्ये ती भिंड व शिवपुरीपर्यंत पोहोचली. शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी. उन्हाच्या तडाख्यातून दरबार त्या जंगलातल्या गावी हलला की खानसामे आणि भांडीकुंडीही निघत.

हेच वेड जेवणाच्या टेबलावरही उतरले. भोजनगृहातील टेबलावर रूळ घालून त्यावर चांदीची आगगाडी फिरवली जाई. डब्यांवर इंग्रजीत ‘सिंदिया’ची सात अक्षरे, आणि डब्यांत मद्याच्या सुरया व सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे सरके. ही गाडी आजही राजवाड्यात पाहायला मिळते. राजवाड्याचा काही भाग 1964 पासून जिवाजीराव शिंदे संग्रहालय म्हणून खुला आहे. पंगतीत वाढप्या पानापाशी येतो आणि आग्रह करतो. येथे आग्रहाचे काम यंत्राकडे गेले. मराठी आतिथ्य आणि इंग्रजी शिष्टाचार यांच्या भेटीचे इतके नेटके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्नही माधवरावांच्याच काळात मोठ्या प्रमाणावर हाती घेतला गेला. सांक नदीवर तिघरा येथे धरण झाले आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची स्वयंचलित दारे, जी आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवली होती, ती येथेही वापरली गेली. ऑगस्ट 1917 मध्ये महापुरात ते धरण फुटले आणि मोठी प्राणहानी झाली. धरण पुन्हा उभारले गेले. शहराची तहान आजही प्रामुख्याने तिघराच भागवते.

सामान्य माणसाला कुटुंबासह बाहेर खाण्याची मुभा दिली ती मेळ्याने. माधवरावांनी 1905 मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आरंभी गुरांच्या बाजाराभोवती उभा होता; पुढे तो व्यापारी मेळा झाला. ऐन थंडीत तो भरतो. संसारी बायकांना, विशेषतः मराठी घरांतील सुनांना, हलवायाच्या दुकानापुढे उभे राहून खाणे प्रशस्त मानले जात नसे. मेळ्यात ते चाले. हाताएवढे मोठे भाजके पापड हे मेळ्याचे जुने खाणे. नंतर आली सॉफ्टी. कडाक्याच्या थंडीत आइस्क्रीम खाण्याची ही रीत बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते, पण ग्वाल्हेरकराचा मेळा सॉफ्टीवाचून पुरा होत नाही.

त्याच हंगामातली गजक. गुळाचा किंवा साखरेचा पाक घट्ट झाला की खुंटीला अडकवून तो पुनःपुन्हा ओढतात. ओढता ओढता त्यात हवा शिरते आणि रंग फिका होत जातो. मग भाजलेले तीळ मिसळून तो लाकडी मोगरीने कुटतात, म्हणजे पापुद्रे सुटतात. मराठी तिळाच्या वडीशी सामग्री तीच, पण वडी थापली जाते आणि गजक कुटली जाते, म्हणून एक चावावी लागते आणि दुसरी तोंडात विरते. संक्रांतीला लष्करमधील मराठी घरांत तिळगूळ आणि गजक शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि ग्वाल्हेर त्या राज्याची हिवाळी राजधानी ठरले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. सक्करची जे. बी. मंघाराम ही बिस्किटांची कंपनी येथे स्थिरावली आणि देवादिकांची चित्रे छापलेले तिचे पत्र्याचे डबे देशभर घरोघरी गेले. बिस्किटे संपल्यावर त्यांत डाळी आणि सुया-दोरे राहू लागले. मराठी साहित्य संमेलन 1961 मध्ये ग्वाल्हेरला भरले. कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या, आणि संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला अध्यक्ष. दीडशे वर्षे उत्तरेत राहूनही शहराने मराठीपण जपले होते, त्याची ती पावती होती. पानातही ते टिकले होते, पण घराच्या आत. बाजारात मराठी जेवणाची खानावळ कधी ठळक झाली नाही. मराठी माणूस बाहेर खायला निघाला की त्याची पावले कचोरी आणि बेडईकडेच वळत.

ग्वाल्हेरच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवरील मुरैनाच्या गजकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ग्वाल्हेरच्या बाजारात थंडी सुरू होताच गजकेची दुकाने सजतात, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी तिचे डबे गाडीत चढतात.